पहिलं अमेरिकन सोन्याचं नाणं घ्यायचंय, वीस डॉलरचं मोठं घेऊ का जुनं छोटं?

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा, शाळेत इतिहास शिकवतो, अठरा-एकोणीस वर्षं झाली नाणी जमवायलोय. आजवर सगळं आपल्याच भागातलं, निजामाचे हाली सिक्क्याचे रुपये, खुजिस्ता बुनियाद टांकसाळीचे मुघल रुपये (म्हणजे आपलं औरंगाबादच), सातवाहनांची शिशाची थोडीफार, आणि सोन्यात म्हणाल तर फक्त एक, निजामाची आठव्या हिश्श्याची अशरफी, चारमिनारवाली, ती पण हप्त्यानं पैसे देऊन घेतलेली.

आता झालंय असं की माझा पुतण्या अमेरिकेत आहे, गेल्या हिवाळ्यात तो तिथल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनाला गेला आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, काका हे बघा म्हणून वीस डॉलरचं सोन्याचं नाणं दाखवलं, 1898 चं, मागं गरुडाच्या खाली बारीक एस अक्षर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तेव्हापासून ते डोक्यातून जाईनाच. रात्री जेवण झालं की तेच वाचत बसतो. कॅलिफोर्नियात 1848 ला सोनं सापडलं, आणि एवढं सोनं यायला लागलं की सरकारला 1849 ला कायदा करून एक डॉलरचं सगळ्यात लहान आणि वीस डॉलरचं सगळ्यात मोठं अशी दोन्ही नवी नाणी काढावी लागली, हे वाचल्यावर तर मुलांना पण वर्गात सांगितलं, त्यांना लई आवडलं.

पैशाचं सांगतो. तीन तोळे सोनं येईल (दहा ग्रॅमचा तोळा धरून) एवढी रक्कम बाजूला काढलीय, थोडे सोयाबीनचे, थोडे एरियर्सचे. घरी विचारलं तर मंडळी म्हणाल्या, पोरीचं लग्न दोन-तीन वर्षांवर आलंय, घ्यायचं तर घ्या पण वेळ आली तर मोडता आलं पाहिजे. त्यांचं काही चूक नाही.

तर विचारायचं हे की एकोणिसाव्या शतकातलंच घ्यायचं हे ठरलंय, पण वीस डॉलरचं एक मोठं घेऊ का त्याच पैशात एखादं छोटं पण खरंच दुर्मिळ असं मिळतं? आणि पुतण्या दिवाळीत येणार आहे तर त्याच्या हातून आणलेलं चालतं का? खोट्या नाण्यांची पण भीती वाटते, रुपया असता तर मी हातात घेऊन सांगितलं असतं, पण यातलं मला काहीच कळत नाही.

गोदाकाठ_नांदेड

सर, वहिनींचं ऐका. मोठंच घ्या, कॉमन तारखेचं वीस डॉलर.

माझ्या वडिलांनी हयातभर गिन्न्या घेतल्या, दर दसऱ्याला एक, कोणती राणी कोणता राजा काही बघितलं नाही. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दहाला पैसे भरायचे होते, भावानं ओळखीच्या सराफाला घरून उठवलं, चार गिन्न्या दिल्या आणि अर्ध्या तासात रक्कम हातात. त्या दिवशी मला सोन्याच्या नाण्याचा अर्थ कळाला. दुर्मिळ नाणं घेतलं आणि उद्या इथं मोडायला नेलं तर सराफ साल बघणार नाही, टांकसाळ बघणार नाही, काट्यावर ठेवणार आणि कॅरेट मशीनमध्ये घालणार. वर दिलेले जास्तीचे पैसे गेले. तुम्ही पोरीच्या लग्नाचं म्हणालात म्हणून हे लिहायलेय, नाहीतर लिहिलं नसतं.

परभणी_डॅलस

सर नमस्कार. मी मूळचा परभणीचा, बावीस वर्षं झाली इकडं, आणि हाच एक नाद आहे, अमेरिकन सोनं, 1900 च्या आधीचं. ताईंचं म्हणणं मोडण्याच्या बाजूनं अगदी बरोबर आहे, आधी तेच सांगतो. वीस डॉलरचं नाणं म्हणजे डबल ईगल, वजन 33.436 ग्रॅम, त्यात 90 टक्के सोनं आणि 10 टक्के तांबं, म्हणजे शुद्ध सोनं 30.09 ग्रॅम. तुमचे तीन तोळे बरोबर तेवढेच! म्हणजे तुमची सगळी रक्कम नुसत्या सोन्यातच संपली, वरचं कमिशन खिशातून. 1898 एस सारखी नाणी 25 लाखाच्या वर पाडलेली आहेत आणि हजारोंनी शिल्लक आहेत. छान नाणं आहे, पण तुम्ही अठरा वर्षं नाणी जमवणारा माणूस, तुम्हाला ते चार महिन्यांत बिस्किटासारखं वाटायला लागेल असं मला वाटतं.

आता दुर्मिळपणाचं. आपण आपल्याकडं समजतो की जुनं म्हणजे दुर्मिळ, किंवा कमी पाडलं म्हणजे दुर्मिळ. सोन्यात तसं होत नाही, सोन्यात किती पाडलं याच्यापेक्षा किती वितळवलं हे बघावं लागतं. तुम्हाला हाली-कलदारचं (निजामाचा रुपया आणि इंग्रजांचा रुपया) माहीत असणार, सहा कलदारला सात हाली, आणि त्या फरकावर किती जणांनी धंदा केला. तिकडं तसंच झालं. अमेरिकेनं सुरुवातीला सोन्या-चांदीचं प्रमाण 15 ला 1 ठरवलं, पण युरोपात सोन्याला त्याच्यापेक्षा जास्त भाव होता, मग काय, पाच डॉलरचं नाणं पाडलं की व्यापारी ते गोळा करून जहाजात भरून तिकडं पाठवायचे आणि तिथं ते वितळवलं जायचं. 1834 ला शेवटी कायदा करून प्रमाण 16 ला 1 केलं, पाच डॉलरचं वजन 8.75 वरून 8.36 ग्रॅमवर आणलं, कस पण थोडा उतरवला, मग तर जुनी जेवढी उरली होती ती पण मुशीत गेली कारण त्यात पाच डॉलरपेक्षा जास्तीचं सोनं होतं. याचा परिणाम बघा, 1822 ला पाच डॉलरची 17,796 नाणी पाडल्याची नोंद आहे आणि आज माहीत आहेत फक्त तीन, त्यातली दोन स्मिथसोनियन म्युझियममध्ये. तिसरं 2021 ला लिलावात 84 लाख डॉलरला गेलं.

दुसरा घाव 1933 चा. रूझवेल्टनं 5 एप्रिलला हुकूम काढला, लोकांनी सोनं बँकेत जमा करायचं. औंसाला 20.67 डॉलरनं घेतलं आणि पुढच्या वर्षी भाव 35 केला. लाखो नाणी वितळून विटा झाल्या. पण त्या हुकमात एक वाक्य होतं की संग्राहकांसाठी विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी सोडून, त्या एका वाक्यानं किती नाणी वाचली असतील विचार करा. बाकीची वाचली ती युरोपातल्या बँकांत पडून होती म्हणून. सामान्य माणसाला परत सोनं ठेवायची मुभा मिळाली 1974 च्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडं पण सुवर्ण नियंत्रण कायदा 1968 ते 1990 होताच की, त्यात काय काय गेलं असेल कुणी मोजलंय?

म्हणून माझा सल्ला, टांकसाळ बघून घ्या. 1838 ला अमेरिकेनं दक्षिणेत तीन टांकसाळी उघडल्या, न्यू ऑर्लिन्स, शार्लट आणि डालोनेगा. शेवटच्या दोन खास आपल्यासारख्यांसाठी आहेत, कारण तिथं फक्त सोनंच पाडलं, आजूबाजूच्या खाणीतलं, आणि 1861 ला यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ज्या बंद झाल्या त्या टांकसाळ म्हणून परत कधी उघडल्याच नाहीत. शार्लटची नाणी सी अक्षराची, डालोनेगाची डी (1906 पासून डी म्हणजे डेन्व्हर, गल्लत करू नका).

शार्लटच्या भागात सोनं कसं सापडलं ते ऐका. 1799 ला एका शेतकऱ्याच्या बारा वर्षांच्या पोराला ओढ्यात एक पिवळा दगड मिळाला, सतरा पौंडाचा, म्हणजे साडेसात किलोच्या वर. घरात तीन वर्षं तो दगड दार अडवायला ठेवलेला! मग एका सराफानं विचारलं काय घेता, शेतकरी म्हणाला साडेतीन डॉलर, आणि तेवढ्यात दिला. किंमत होती हजारोंत. आणि डालोनेगाचं नाव चेरोकी लोकांच्या शब्दावरून आलंय, त्याचा अर्थच पिवळं. जॉर्जियात त्यांच्या जमिनीत सोनं निघालं आणि 1838 ला, म्हणजे टांकसाळ उघडली त्याच वर्षी, सैन्य लावून त्यांना तिथून हाकललं, वाटेत हजारो मेले. माझ्याकडं एक डालोनेगाचं पाच डॉलर आहे, ते काढलं की मला दर वेळी हे आठवतं आणि आठवलं पाहिजे असं मला वाटतं.

सी किंवा डीचं पाच डॉलर, वापरलेलं पण नितळ, तुमच्या रकमेत बसतं. 8.36 ग्रॅम वजन, 21.6 मिलिमीटर व्यास, आपल्या गिन्नीपेक्षा किंचित लहान. त्यातलं सोनं साडेसात ग्रॅमच, म्हणजे बाकी पैसे तुम्ही दुर्मिळपणाचे देताय हे डोळे उघडे ठेवून द्या. ताईंचा मुद्दा तिथं लागू होतोच.

तेरचा_शिपाई

मी वाचलं होतं की 1857 एस वीस डॉलर हे फार जुनं आणि तरी चांगल्या अवस्थेत मिळतं, ते कसं काय? आधीचं म्हणून घ्यावं वाटायलं.

परभणी_डॅलस

ती जहाजातली. सेंट्रल अमेरिका नावाची आगबोट कॅलिफोर्नियाचं सोनं पनामावरून घेऊन न्यूयॉर्कला निघाली होती, 12 सप्टेंबर 1857 ला कॅरोलिनाच्या किनाऱ्याबाहेर वादळात बुडाली, सव्वाचारशे माणसं गेली, आणि त्या सोन्याची वाट बघत बसलेल्या बँकांची अजूनच पंचाईत झाली. 1988 ला समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटरच्या पण खाली, ती सापडली आणि त्यात 1857 एस ची हजारो कोरी नाणी, टांकसाळीतून निघाली तशी. त्याच्या आधी तेच नाणं कोऱ्या अवस्थेत मिळणं मुश्किल होतं. म्हणजे उरलेल्यांचा आकडा वर पण जातो, हे पण ध्यानात ठेवा. 2013 ला कॅलिफोर्नियात एक जोडपं कुत्रं फिरवायला गेलं आणि त्यांच्याच जागेत गंजलेल्या डब्यांत 1,427 नाणी सापडली, जवळपास सगळी वीस डॉलरची, 1847 ते 1894 मधली. मी तेव्हा आठवडाभर दुसरं काही बोलतच नव्हतो.

लातूर_सराफलाइन

सर, मी लातूरला सराफ लाइनमध्ये आहे, तिसरी पिढी. नाण्यांचा मी जाणकार नाही पण सोन्याचा आहे म्हणून लिहायलो, आणि एक गोष्ट मनात बरीच वर्षं आहे ती पण लिहितो.

2004-05 ची गोष्ट असेल. औसा तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या, पुतळ्यांची माळ मोडायची होती. माळेत मधोमध एक वेगळं नाणं होतं, कडी झाळलेलं, एका बाजूला बाईचा चेहरा आणि भोवती चांदण्या, दुसरीकडं पंख पसरलेला पक्षी. आजी म्हणाल्या त्यांच्या सासऱ्यांना हैदराबादला कुणीतरी देण्याघेण्यात दिलं होतं. मी घासलं, कस 22 ला थोडा कमी लागला, म्हणून मी त्यांना समजावलं की बाकी पुतळ्यांपेक्षा याचे कमी येतील, त्या बरं म्हणल्या, आणि संध्याकाळी सगळं एकाच मुशीत गेलं. नंतर चार-पाच वर्षांनी कुठंतरी फोटो बघितला तेव्हा कळालं ते पाच डॉलरचं अमेरिकन होतं. कोणतं साल, कोणतं अक्षर, मला आठवत नाही, मी बघितलंच नव्हतं. आजींना भाव नीट दिला होता, तोळ्या-मासाचा घोळ केला नाही, पण ते नाणं माझ्या हातून गेलं हे खरं. तेव्हापासून दुकानात नियम केलाय, माळेत काहीही वेगळी लिपी दिसली की आधी दोन्ही बाजूचा फोटो, मग मोड.

आता तुमच्या कामाचं. कस 900 म्हणजे 21.6 कॅरेट, कसोटीवर 22 पेक्षा जरा लालसर ओढ येते, ती तांब्याची. वजन आणि व्यास तर बघायचाच, पण मी पाण्यातलं वजन पण घेतो. 900 च्या सोन्याची घनता 17.2 च्या आसपास येते, म्हणजे डबल ईगल पाण्यात तोललं तर साधारण 1.95 ग्रॅमनं हलकं भरलं पाहिजे. नुसतं टंगस्टनवर पाणी चढवलेलं असेल तर इथंच उघडं पडतं कारण टंगस्टन याच्यापेक्षा जड. पितळ-शिसं तर लांबच राहिलं.

पण एक सांगतो, वजन-कस बरोबर म्हणजे नाणं खरं असं नाही! माझ्याकडं गिन्न्या अशा आल्यात की सोनं चोख, वजन चोख, आणि ठसा नकली. सोन्याच्या भावावर नाण्याचा वरचा भाव मिळतो म्हणून खऱ्याच सोन्यात खोटी पाडतात. ते माझ्या काट्याला कळत नाही, ते ठशाच्या जाणकारालाच कळतं.

आणि कृपा करून, कृपा करून, नाणं आलं की घरात कुणाला रिठ्याच्या पाण्यात घालू देऊ नका. आपल्याकडं सणाला दागिने उजळायची पद्धत आहे, रिठे, ब्रश, सगळं. दागिन्याला चालतं.

परभणी_डॅलस

सराफ दादा, तुम्ही हे लिहिलंत यासाठी तुमचे मनापासून आभार. फोटोचा नियम मराठवाड्यातल्या दहा सराफांनी केला तरी काहीतरी वाचेल. त्या आजींच्या नाण्याला कडी झाळलेली होती म्हणजे संग्राहकाच्या हिशोबानं किंमत बरीच उतरलेली असणार हे खरं, तरी साल आणि अक्षर कळायला पाहिजे होतं असं मलापण हळहळून वाटलं.

रिठ्याचं अगदी बरोबर. जुन्या सोन्यावर तांब्यामुळं एक केशरी-लालसर झाक येते, खोलगट भागात थोडा मळ बसलेला असतो, आम्ही इकडं त्याला नाण्याची कातडी म्हणतो. ती शंभर-दीडशे वर्षांत येते आणि एका मिनिटात जाते. चकचकीत पिवळंधमक एकोणिसाव्या शतकातलं वापरलेलं नाणं दिसलं की मी पुढं सरकतो. सर, तुम्ही रुपये बघितलेत, घासलेला रुपया तुम्हाला लांबून कळतो ना, तेच डोळे इथं वापरा, तुम्ही समजता तेवढे तुम्ही नवखे नाही.

ठशाबद्दल. नकली पाडताना बहुतेक वेळा एका खऱ्या नाण्यावरून साचा काढतात, म्हणून त्या खऱ्यावरचा एखादा खड्डा किंवा ओरखडा प्रत्येक नकलीवर त्याच जागी येतो. अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ दिसतात. कडेच्या दातांजवळ उठलेल्या बारीक रेघा दिसल्या तर थांबा. आणि दुसरा प्रकार, नाणं पूर्ण खरं पण अक्षर नंतर चिकटवलेलं, साध्या फिलाडेल्फियाच्या नाण्याला (ती मुख्य टांकसाळ, तिच्या नाण्यावर अक्षर नसायचं) सी किंवा सीसी लावून दिलं की किंमत कितीतरी पटीनं वाढते (सीसी म्हणजे कार्सन सिटी, नेव्हाडात, 1870 ला पहिल्याच वर्षी तिथं वीस डॉलरची फक्त 3,789 पाडली होती, म्हणून त्यावर तर डोळाच असतो सगळ्यांचा). अक्षराच्या बुडाशी भिंगानं बघा, फट किंवा रंगाचा फरक दिसतो. 1838 आणि 1839 च्या पाच डॉलरवर सी-डी पुढच्या बाजूला सालाच्या वर असतं, 1840 पासून मागं गरुडाच्या खाली. शार्लटची टांकसाळ जुलै 1844 मध्ये जळाली होती आणि 1845 ला तिथं एकही नाणं पाडलं नाही, म्हणून 1845 सी कुणी दाखवलं तर पुढं बोलायचंच नाही.

पहिलं नाणं मात्र पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणी तपासणाऱ्या अमेरिकन कंपन्या) च्या सीलबंद प्लास्टिकमधलंच घ्या. ते 1 ते 70 च्या मापावर दर्जा देतात आणि खरेपणाची जबाबदारी घेतात. प्लास्टिक पण खोटं निघतं, म्हणून त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटोशी ताडून बघायचा. आणि सी-डीच्या नाण्यांवर ठसा मुळातच कमजोर उठलेला असतो, गरुडाच्या मानेवरची पिसं कोऱ्या नाण्यावर पण पुसट, त्याला झीज समजून सोडून देऊ नका.

कधी कधी जाणकार पण चुकतात बरं का. 1854 चं सॅन फ्रान्सिस्कोचं पाच डॉलर, पाडली 268, माहीत होती तीन. एका माणसाकडं चौथं होतं, त्यानं प्रदर्शनात दाखवलं तर विक्रेते म्हणाले खोटं आहे. 2018 ला एनजीसीनं तपासलं, खरं निघालं.

देवगिरी_सं

आणण्याचं मी सांगतो, माझं काम कस्टमशी संबंधित कागदांचंच आहे. पुतण्याच्या बॅगेत किंवा खिशात टाकून गपचूप आणायचं नाही, नाणं एक असो का दहा. परदेशात राहणाऱ्याला दागिन्यांची जी सवलत असते ती दागिन्यांचीच, नाण्याला लागू नाही. लाल चॅनेलला जायचं, बिल दाखवायचं, ड्यूटी भरायची, पावती जपून ठेवायची. त्या वेळचा दर आणि नियम त्यानं निघायच्या आधी बघून घ्यावा, बजेटला बदलतात, 2024 च्या जुलैत सोन्यावरची ड्यूटी 15 वरून 6 वर आली होती. ती पावती म्हणजे तुमच्या नाण्याचा इथला जन्मदाखला आहे.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. 1972 चा पुरावशेष कायदा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे पुरावशेष धरतात, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, फक्त केंद्र सरकार किंवा सरकारनं नेमलेली संस्थाच पाठवू शकते. म्हणजे कच्चं, प्लास्टिकमध्ये सील न केलेलं नाणं इथं आणायचं आणि मग तपासायला अमेरिकेला पाठवू, हा विचार असेल तर डोक्यातून काढा. तपासणी, प्लास्टिक, जे काय असेल ते तिकडंच उरकून मग आणा. आणि विकायचं झालं तर इथल्या इथंच विकावं लागेल हे पण धरून चाला.

गोदाकाठ_नांदेड

बघा सर, माझाच मुद्दा आला परत. इथं विकावं लागेल म्हणजे घेणारे किती? 

बाकी दादांनी लिहिलेलं वाचून मला पण वडिलांच्या उरलेल्या दोन गिन्न्या काढून बघाव्या वाटल्या, काढल्या. एक 1887 ची, व्हिक्टोरिया राणीची, आणि त्यावर पण एक बारीक अक्षर आहे, एम. हे मेलबर्न का? आजपर्यंत मी ते अक्षर बघितलंच नव्हतं.

परभणी_डॅलस

हो ताई, मेलबर्नच. ऑस्ट्रेलियात पण 1851 पासून सोनं निघालं आणि मग तिथंच गिन्न्या पाडायला लागले. तुमच्या वडिलांनी बघून घेतली नसेल, पण आता ती तुम्ही बघितलीत. ती मोडू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न.

अंबाजोगाईकर

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, चार दिवस मी फक्त वाचत होतो, आज लिहायलो.

घरी सगळं वाचून दाखवलं, सराफ दादांची आजींची गोष्ट वाचली तेव्हा मंडळी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मार्ग काढला. रकमेचे दोन वाटे करायचे. एका वाट्यात पोरीसाठी सरळ सोनं, जे कधीही मोडता येईल, नांदेडच्या ताई म्हणतात तसं. दुसऱ्या वाट्यात माझं नाणं, आणि ते मोडायचं नाही असं धरूनच घ्यायचं, म्हणजे त्याच्या भावाचा विचारच नको. अर्ध्या रकमेत शार्लटचं पाच डॉलर बसेल का हे पुतण्याला विचारलं, तो म्हणाला चांगल्या अवस्थेतलं अवघड आहे, जास्त झिजलेलं बघावं लागेल. मला झिजलेलं चालतं. माझे निम्मे रुपये झिजलेले आहेत आणि ते मला कोऱ्यांपेक्षा जास्त जवळचे वाटतात, झिजलं म्हणजे माणसांच्या हातातून फिरलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणी त्यातून बैल घेतला असेल, कुणी बियाणं. फक्त घासलेलं नको आणि कडी झाळलेलं नको.

1847 सी शोध म्हणून त्याला सांगितलंय, कारण त्या वर्षी शार्लटला पाच डॉलर सगळ्यात जास्त पाडली असं वाचलं, 84 हजारांच्या वर, म्हणजे त्यातल्या त्यात आवाक्यात येईल. नाही मिळालं तर एक डॉलरचं छोटं, 1853 चं, फिलाडेल्फियाचं, ते तर दुर्मिळ नाही पण 13 मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं सोन्याचं नाणं मुलांना दाखवायला मिळेल. परभणीचे दादा, ही दिशा बरोबर आहे का?

परभणी_डॅलस

एकदम बरोबर सर. 1847 सी बघा, 1852 सी पण बघा. पुतण्याला म्हणावं मला लिही, घ्यायच्या आधी दोन्ही बाजूचे मोठे फोटो आणि प्लास्टिकचा नंबर पाठव, मी बघून सांगतो. घाई करू देऊ नका, या दिवाळीत नाही मिळालं तर पुढच्या दिवाळीत.

लातूर_सराफलाइन

सर, आलं की लातूरला घेऊन या. प्लास्टिकमध्ये आहे म्हणजे काट्यावर ठेवून काही कळणार नाही आणि फोडायचं तर नाहीच, पण माझ्याकडं दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग आहे, आणि मला ते सी अक्षर एकदा नीट बघायचंय.